शोकाचा काळ : ‘डोन्ट लुक नाऊ’ आणि त्याची पूर्वपीठिका

अपत्यवियोगाने खचलेले आईवडील आणि त्यांच्या दारात उभे राहिलेले अतिमानुष, ही जोडी इंग्रजी कथावाङ्मयात नवी नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या १९०२ मधील ‘द मंकीज पॉ’ या कथेत ती अत्यंत घट्ट रूपात सापडते. यंत्रात सापडून मेलेल्या मुलाला आई वरदानाच्या बळावर परत बोलावते. दारावर थाप पडते. दार उघडण्यापूर्वी बाप उरलेल्या वरदानाने त्याला परत पाठवतो. दारापलीकडे काय होते, हे कथा सांगत नाही. कथेचा नैतिक सांगाडा मात्र लोककथेचाच आहे : जे मागू नये ते मागितले, म्हणून शिक्षा झाली. शोक येथे इच्छेच्या रूपात येतो आणि इच्छा अपराध ठरते.

पहिल्या महायुद्धाने ही जोडी कथेतून काढून थेट दिवाणखान्यात आणली. बिनतारी संदेशवहनाच्या संशोधनात ज्यांचे नाव अग्रभागी होते ते पदार्थवैज्ञानिक ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड १९१५ मध्ये ईप्रजवळ मारला गेला. १९१६ मध्ये लॉज यांनी ‘रेमंड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. माध्यमांच्या मुखातून आलेल्या मुलाच्या कथित संदेशांना त्यात पुराव्याचे स्थान आहे. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ऑर्थर कॉनन डॉइल १९१६ मध्येच या पंथाचे उघड समर्थक झाले होते. १९१८ मध्ये त्यांचाही मुलगा गेला. या साऱ्या चळवळीची थट्टा करणे सोपे आहे, परंतु तिचा घाट समजून घेणे अधिक उपयोगाचे. तिच्यात मृतात्म्याने दिलेले ज्ञान हे सांत्वनाचे साधन असते. ‘मी सुखात आहे’ एवढाच निरोप पुरेसा असतो.

येथे आपल्याकडील रसचर्चेतील एक भेद आठवावा. भरताने करुण आणि विप्रलंभ यांत फरक केला आहे तो दुःखाच्या तीव्रतेवरून नव्हे. करुण निरपेक्ष असतो, विप्रलंभ सापेक्ष. एकात भेटीची आशा उरलेली नसते, दुसऱ्यात ती असते. उत्तरकालीन आलंकारिकांनी ‘करुणविप्रलंभ’ असा मधला प्रकार कल्पिला तो ‘कादंबरी’सारख्या कथांसाठी, जेथे मृत प्रियकर परत भेटण्याचे आश्वासन आकाशातून येते. हा विचार शृंगाराच्या संदर्भातला आहे, वात्सल्याच्या नव्हे, हे खरे. तरीही मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या बैठकी नेमके काय करीत होत्या, हे त्याने जितके स्वच्छ कळते तितके मानसशास्त्रीय परिभाषेने कळत नाही. निरपेक्ष शोकाचे त्या सापेक्ष शोकात रूपांतर करीत होत्या.

यानंतरच्या अर्धशतकात शोकाची सामाजिक परिस्थिती पालटली. इंग्लंड-वेल्समध्ये १९०० च्या सुमारास हजार अर्भकांमागे दीडशेच्या आसपास दगावत. १९७० पर्यंत हे प्रमाण अठराच्या घरात आले. आईवडिलांआधी मूल जाणे ही सर्वसामान्य आपत्ती न राहता एक विपरीत, जवळजवळ लाजिरवाणी घटना झाली. मानवशास्त्रज्ञ जेफ्री गोरर यांनी १९५५ च्या एका निबंधात असे मांडले की, विसाव्या शतकात मृत्यूने लैंगिकतेची जागा घेतली आहे. पूर्वी जे लैंगिकतेविषयी बोलता येत नसे, ते आता मृत्यूविषयी बोलता येत नाही. १९६५ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी ब्रिटिश समाजात शोकविधींचा कसा लोप झाला आहे, याची पाहणी केली. सुतक नाही, काळे वस्त्र नाही, किती दिवस रडावे याचा दंडक नाही. शोक करणारा माणूस एकटा पडला.

डॅफ्नी द्यु मॉरिए यांची ‘डोन्ट लुक नाऊ’ ही दीर्घकथा १९७१ मध्ये ‘नॉट आफ्टर मिडनाइट’ या संग्रहात आली ती या पार्श्वभूमीवर. जॉन आणि लॉरा हे दांपत्य मस्तिष्कावरणदाहाने मेलेल्या मुलीचे दुःख विसरण्यासाठी व्हेनिसला सहलीला आले आहे. म्हणजे त्या समाजाला ठाऊक असलेला एकमेव शोकविधी, हवापालट, ते पाळीत आहेत. तोर्चेल्लो बेटावरच्या उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरील दोन वृद्ध बहिणींवरून जॉन थट्टा करतो. कथेचे शीर्षक त्या थट्टेतून आले आहे. बहिणींपैकी आंधळीला मृत मुलगी दांपत्याच्या मध्ये बसून हसताना दिसते. लॉराला हे ऐकून सुटल्यासारखे वाटते, जॉनला नाही. इथपर्यंत हा लॉज यांच्याच बैठकीचा पुनःप्रयोग आहे. द्यु मॉरिए यांचा वेगळेपणा पुढे आहे. इंग्लंडला विमानाने निघून गेलेली लॉरा त्या दोन बहिणींसोबत कालव्यातल्या बोटीतून जाताना जॉनला दिसते. तो पोलिसांकडे धाव घेतो. आपण भविष्य पाहिले होते, हे त्याला मरणाच्या क्षणीच कळते. दिव्यदृष्टी आंधळीला आहे तशीच त्यालाही आहे; फक्त ती आपल्याला आहे, हे त्याला मान्य नाही.

निकोलस रोएग यांचा चित्रपट १९७३ चा. पटकथा ऍलन स्कॉट आणि ख्रिस ब्रायंट यांची. जॉनच्या भूमिकेत डोनाल्ड सदरलँड आणि लॉराच्या भूमिकेत ज्युली ख्रिस्ती. रोएग मुळात छायालेखक. रॉजर कॉर्मन यांच्या ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ (१९६४) या चित्रपटाचे छायालेखन त्यांचे होते आणि त्यातही तांबडी कफनी घातलेली मृत्यूची आकृती वावरते. दिग्दर्शक म्हणून ‘परफॉर्मन्स’ (१९७०, डोनाल्ड कॅमल यांच्यासह) आणि ‘वॉकअबाउट’ (१९७१) हे त्यांचे चित्रपट आधी येऊन गेले होते.

मूळ कथेत रोएग यांनी केलेले बदल थोडे आहेत, पण प्रत्येक बदल अर्थाची दिशा वळवणारा आहे. मुलगी आजाराने मरत नाही. घराच्या अंगणातल्या तळ्यात बुडते, आईवडील आत बसलेले असताना. जॉन सहलीला आलेला नाही. तो एका जुन्या चर्चच्या जीर्णोद्धाराचे काम करतो आहे. आणि मुलीच्या अंगात तांबडा रेनकोट आहे. कथेतील खुजी आकृती टोपीचा कोट घालते, परंतु मेलेल्या मुलीशी तिचा रंगाने जोडलेला संबंध तेथे नाही. तो सर्वस्वी चित्रपटाचा आहे.

जीर्णोद्धाराची योजना केवळ कथानकाची सोय नव्हे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात व्हेनिसमध्ये पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले आणि हे शहर बुडत आहे, ही गोष्ट प्रथमच साऱ्या जगाची चिंता झाली. ज्या सान निकोलो देइ मेंदिकोली चर्चमध्ये चित्रण झाले, त्याचाही जीर्णोद्धार त्या दशकात ब्रिटिश निधीतून होत होता. ज्या माणसाला स्वतःच्या अंगणातल्या पाण्यातून मूल वाचवता आले नाही, तो पाण्यात बुडणारे शहर वाचवायला येतो. हेन्री जेम्स आणि टॉमस मान यांच्यापासून व्हेनिस म्हणजे मरणाला शोभा देणारे शहर, असा एक संकेत रूढ आहे. विस्कोंती यांनी १९७१ मध्ये मान यांच्या कथेवरील चित्रपटात तोच संकेत पूर्णत्वाला नेला. रोएग यांचे व्हेनिस मात्र हंगाम संपलेले, ओलसर, पाठीमागच्या गल्ल्यांचे आहे. खुर्च्यांवर खोळी चढलेल्या हॉटेलात शोक सुंदर दिसत नाही.

चित्रपटाच्या सुरुवातीची काही मिनिटे बारकाईने पाहण्याजोगी आहेत. जॉन त्या चर्चच्या पारदर्शिका पडद्यावर पाहत आहे. एका चित्रात बाकावर तांबडी टोपी घातलेली कुणी पाठमोरी बसली आहे. बाहेर मुलगा सायकल काचेवरून नेतो. मुलगी चेंडू घेऊन तळ्याकाठी आहे. जॉनच्या हातून पेला सांडतो आणि पारदर्शिकेवरचा तांबडा रंग रक्तासारखा पसरू लागतो. तो उठतो आणि धावत सुटतो, कुणीही हाक मारलेली नसताना. तो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. लॉराची किंकाळी अर्ध्यातच व्हेनिसमधल्या छिद्रयंत्राच्या आवाजात मिसळते.

या चित्रपटावरील समीक्षेचा एक मोठा भाग अतिमानुषाला शोकाचे रूपक मानतो : जॉन शोक स्वीकारत नाही, म्हणून दडपलेला शोक तांबड्या आकृतीच्या रूपाने त्याच्यावर उलटतो. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुतावरील आपल्या ग्रंथात म्हटलेच होते की, मनोविश्लेषणाने अद्भुत साहित्याची गरज संपवली. हे वाचन नीटनेटके आहे. मात्र संहितेशी त्याचा मेळ बसत नाही. तोदोरोव्ह ज्याला अद्भुताचा प्राण मानतात ती द्विधा, हे घडले की भासले, येथे फारशी नाहीच. आंधळी बाई खरे सांगते. जॉनला जे दिसते ते सारे खरे ठरते. शिवाय त्या वाचनात एक क्रौर्य आहे : मूल गमावलेल्या बापाने नीट शोक केला नाही म्हणून तो मेला, असा त्याचा निष्कर्ष निघतो. हा जेकब्ज यांच्या कथेतलाच अपराध आणि शिक्षेचा न्याय. फक्त आता न्यायाधीशाच्या जागी मनोविकारतज्ज्ञ बसला आहे.

जॉन पाहत नाही, असे नाही. तो इतरांच्या आधी पाहतो. तळ्याकडे तो त्यामुळेच धावला. त्याचा प्रश्न काळाचा आहे. अँलें रॉब-ग्रिये यांनी चित्रपटातील प्रतिमेला वर्तमान हा एकच काळ असतो, असे प्रतिपादन केले होते आणि रेने यांचे ‘लास्ट इयर ऍट मारिएनबाद’ (१९६१) त्याच धारणेतून घडले. कथनाला ‘गेली’, ‘जाते’, ‘जाईल’ यांतून निवड करावीच लागते. द्यु मॉरिए यांना अखेरीस ‘ते भविष्य होते’ असे सांगावे लागले. रोएग आणि संकलक ग्रेम क्लिफर्ड यांना ते सांगावे लागत नाही. काळ्या वस्त्रांतील लॉरा अंत्ययात्रेच्या बोटीत दोन बहिणींसह उभी दिसते. ही प्रतिमा उद्याची आहे याची कोणतीही खूण तिच्यावर नाही. जॉन ती आजची समजतो, प्रेक्षकही समजतो. जॉनचे चुकणे हे म्हणून स्वभावदोषातून आलेले नाही. ते प्रेक्षकाच्या चुकण्याइतकेच स्वाभाविक आहे.

खूप गाजलेला शय्येचा प्रसंग याच रीतीने वाचावा लागतो. दांपत्याची जवळीक आणि त्यानंतर बाहेर जाण्यासाठी एकेकट्याने कपडे चढवणे, ही दोन्ही चित्रे एकमेकांत गुंफलेली आहेत. सुख चालू असतानाच ते होऊन गेलेले असते. त्या काळात या प्रसंगाच्या धिटाईचीच चर्चा अधिक झाली. गोरर यांचे प्रतिपादन जवळ ठेवले, तर दिसते ते निराळेच : ज्या समाजात मृत्यूविषयी बोलायला भाषा उरली नाही, तेथे हे दोघे उरलेल्या एकमेव भाषेत आपल्या मुलीविषयी बोलत आहेत.

मूल गमावलेल्या आईबापांचे व्याकरण संकेतार्थाचे असते : ‘पाहिले असते तर’, ‘जरा आधी उठलो असतो तर’. प्रतिमेला संकेतार्थ नाही; ती तसे म्हणू शकत नाही. रोएग ‘आधी उठलो असतो तर’ हे प्रत्यक्षातच आणून दाखवतात. जॉन आधीच उठला होता. दिव्यदृष्टी असूनही मूल वाचले नाही आणि पुढे तो स्वतःही वाचला नाही. प्रेतसंवादाच्या परंपरेत ज्ञान सांत्वन देत असे. येथे ज्ञान खरे आहे आणि निरुपयोगी आहे. लॉराचा शोक बहिणींच्या शब्दाने सापेक्ष होतो, जॉनचा निरपेक्षच राहतो. तरी तांबडा कोट दिसताच तो त्यामागे जातो, म्हणजे आशा त्यालाही सुटलेली नाही. अंधारात त्या आकृतीला तो भिण्याची गरज नाही असे सांगतो, रडणाऱ्या लेकराला बापाने सांगावे तसे. ती वळते तेव्हा तिचा चेहरा म्हातारीचा असतो आणि हातात सुरा असतो. भयानक येथे करुणाच्या पोटातून निघतो. भय वाटते ते हत्यारीण दिसली म्हणून जेवढे, त्याहून अधिक ती मुलगी नाही म्हणून.

ब्रिटनमध्ये हा चित्रपट ‘द विकर मॅन’च्या जोडीने एकाच खेळात दाखवला गेला. योगायोग असा की, त्यातही एक पुरुष एका मुलीचा माग काढीत स्वतःच्या मरणापाशी पोचतो. नंतरच्या काळात मान्यता वाढत गेली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये केलेल्या शंभर ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत तो आठवा होता. लार्स फॉन ट्रिअर यांच्या ‘अँटिख्राइस्ट’ (२००९) पासून ‘हेरेडिटरी’ (२०१८) पर्यंत शोकाकुल आईबापांचे भयपट येत राहिले, आणि ‘शोकाचे रूपक’ हे वर्णन त्यांना सरसकट लावले जाऊ लागले. त्यांपैकी काहींना ते शोभतेही.

शेवटच्या दृश्यात अंत्ययात्रेची बोट दुसऱ्यांदा येते. चित्र पूर्वी पाहिलेलेच आहे. तीच काळी वस्त्रे, त्याच दोघी बहिणी. या वेळी ती कोणाची हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. लॉरा ताठ उभी आहे आणि तिच्या चेहऱ्यावर फार पुसट असे हसू आहे.