कोयनेच्या खोऱ्यातली मोडी

मोडी ही मराठी कारभाराची हातलिखाणाची लिपी. पोथ्या आणि मुद्रा बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. पत्रे, हिशेब, सनदा, निवाडे मोडीत, अशी वाटणी काही शतके चालली. यादवांचा प्रधान हेमाद्री याने ती रूढ केली, असे परंपरा सांगते. अभ्यासकांत याबद्दल एकमत नाही, पण कारकुनाच्या घाईतून ती घडली हे तिच्या वळणावरूनच दिसते.

लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. बहुतेक अक्षरांचा शेवट वळून पुन्हा वर येई आणि तिथूनच पुढचे अक्षर सुरू होई. हात उचलण्याची वेळ क्वचितच येई. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. ओल्या शाईवर बारीक वाळू टाकून ती सुकवत. एक बंद पुरला नाही की खाली दुसरा चिकटवत. असे लांबलचक कागद गुंडाळून रुमालात बांधले जात.

चीनमध्येही हान काळात कारकुनांच्या घाईतूनच अक्षरांचे एक धावते वळण तयार झाले. पुढे ते चित्रकलेच्या तोलाची कला मानले गेले आणि दिवाणखान्यात टांगले जाऊ लागले. मोडीला असा मान मिळाला नाही. वास्तविक चिटणिशी, बिवलकरी, रानडी ही तिची वळणे जाणकार नजरेला लगेच वेगळी ओळखू येतात. त्यांपैकी चिटणिशी वळणाशी शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे नाव जोडले जाते. ही सारी वळणे दप्तरातच राहिली, याची खंत वाटावी इतकी ती देखणी आहेत.

शाहू महाराजांच्या काळात सातारा राजधानी झाली आणि कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यांचा कारभार तिथून चालू लागला. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून हेळवाक, पाटणमार्गे कऱ्हाडला जाणारी व्यापारी वाट याच खोऱ्यातून जाते. गावाचे कागद कुळकर्णी लिही, परगण्याचे देशपांडे. तारीख बहुधा शुहूर सनात आणि अरबी संख्याशब्दांत असे. ‘सलास अशरीन मया व अलफ’ म्हणजे तीन, वीस, शंभर आणि हजार: शुहूर ११२३, इसवी सन १७२२-२३. एवढे उलगडले तरच कागद कोणाच्या अमलातला हे कळते.

छपाई आल्यावर मोडीचे दिवस भरत आले. विल्यम कॅरे याने श्रीरामपूरला मोडीचे खिळे पाडून १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला खरा, पण सुट्या खिळ्यांना ही सलग लिपी मानवली नाही. मराठी छपाई देवनागरीत स्थिरावली. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, तरी गावदप्तरे आणि सावकारांच्या वह्या मोडीतच भरत राहिल्या. शाळांतून ती १९५० च्या सुमारास गेली.

तोवर वाड्यावाड्यांतून पडलेल्या रुमालांचे मोल ओळखणारे पुढे आले होते. वाईत सापडलेल्या पत्रांवरून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पानिपतच्या मोहिमेचा इतिहास त्यामुळे मूळ पत्रांच्या आधाराने लिहिता आला.

मोडी शाळेतून जात होती त्याच दशकात कोयना धरणाचे काम सुरू झाले. खोऱ्यातली गावे उठली आणि सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत विखुरली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगरची घरे पाडली. अशा घराण्यांना पणजोबांची जमीन किंवा जात दाखवायची तर जुनी नोंद लागते, आणि जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, क-ड-ई पत्रक अशा जुन्या नोंदींपैकी बऱ्याच मोडीत आहेत. कुणबी नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांची मागणी एकाएकी वाढली.

युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे. तरी जुना हस्तलिखित कागद वाचायला अजून सराईत माणूसच लागतो. शब्द कुठे तोडायचा हे त्या भागातली गावे, शिवारे आणि आडनावे ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. राज्याचा पुराभिलेख विभाग असे वाचक घडवण्यासाठी मोडीचे वर्ग चालवतो.