जुने ते सोने, पण कोठवर?

संगणकाच्या बाबतीत 'जुने ते सोने' ही म्हण कोठवर खरी मानावी, याचा निवाडा विंडोज एक्सपीच्या इतिहासात सापडतो. संगणकाचा सारा कारभार चालविणारी ही प्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००१ साली आणली. २००७ साली तिची जागा घेण्यास 'व्हिस्टा' आली. परंतु तिला अधिक ताकदीचा संगणक लागे आणि कित्येक जुने प्रिंटर तिच्याशी जुळत नसत. तेव्हा अनेक कचेऱ्यांनी एक्सपीच राखली, आणि त्यात शहाणपणच होते.

८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने एक्सपीची नियमित देखभाल थांबविली. यंत्रे पूर्ववत चालत राहिली; मात्र नव्याने उघडकीस येणारी भगदाडे बुजविण्याची हमी उरली नाही. कालचे शहाणपण आज धोक्याचे ठरले. अशी भगदाडे उघडी राहिल्यास काय घडते, हे मे २०१७ मध्ये दिसले. 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रॅमने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील कामकाज विस्कळीत केले. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. विंडोज ७ साठीची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती वेळेवर न बसविणाऱ्यांना फटका बसला.

भारतातही २०१८ साली रिझर्व्ह बँकेने एटीएम यंत्रांवरील कालबाह्य प्रणाली बदलण्यासाठी बँकांना जून २०१९ पर्यंतची मुदत घालून दिली.

नव्याची हौस आणि जुन्याचा लोभ, दोन्ही निकष अपुरेच. वाड्यावर पहारा आहे तोवर तेथे सुखाने नांदावे. पहारा उठण्याची तारीख कळताच बिऱ्हाड हलविण्याच्या तयारीस लागावे.