पान्ह्यातला ‘ह’

भाचीच्या उशाशी गोळ्यांची पट्टी होती. डॉम्पेरिडोन, १० मिलिग्रॅम. बाळ अपुऱ्या दिवसांचं, दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी दिलेली. मी चकित झालो. ही तर उलटीची गोळी! पित्ताच्या गोळीच्या नावापुढे जो ‘डी’ लागतो, तो हाच. आई मात्र पट्टी न्याहाळून म्हणाली, “दूध वाढेल गं गोळीनं, पान्ह्याचं काय?” त्या प्रश्नाने मला कोश उघडायला लावले.

गोळीचं कूळ थोडक्यात सांगतो. १९३३च्या सुमारास अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी कबुतरांच्या गळ्यातल्या पिशवीत पिल्लांसाठी ‘दूध’ तयार करणारं संप्रेरक ओळखलं आणि त्याला प्रोलॅक्टिन म्हटलं. आईचं दूध तयार होतं तेही याच्याच जोरावर. डोपामिन त्याला एरवी दाबून ठेवतं. बेल्जियममध्ये यान्सेनच्या प्रयोगशाळेत १९७४ साली तयार झालेलं डॉम्पेरिडोन डोपामिनची वाट अडवतं. त्याने उलटी थांबते आणि प्रोलॅक्टिनही वर येतं.

आता पान्हा. कुणी तो ‘पाणी’वरून आणतात, कुणी ‘पान’ म्हणजे पिण्यावरून. दोन्ही ऐकायला गोड, पण मग ‘ह’ कुठून आला? पानीयचं पाणी झालं, त्यात ‘ह’ शिरला नाही. ‘न्ह’ मराठीत कसा येतो ते पाहा: स्नानाचं न्हाण, कृष्णाचा कान्हा, उष्णापासून उन्हाळा. म्हणजे मुळात ‘स्न’ किंवा ‘ष्ण’ हवा. संस्कृतात तसा शब्द आहे: प्रस्नव, पाझरणं. प्राकृतात त्याचा पण्हव झाला आणि कण्हाचा कान्हा व्हावा तसा पण्हवाचा पान्हा. माझ्या मते वाद इथेच संपतो.

म्हणजे पान्हा हा दुधाचा प्रतिशब्द नव्हे, ती पाझरण्याची क्रिया आहे. गोठ्यात हा फरक रोज दिसतो. दूध आटणं वेगळं आणि गाईनं पान्हा चोरणं वेगळं. वासरू लुचलं की ती पान्हा सोडते, मगच धार काढायची. शरीरातही कारभार दोघांचा आहे. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते सोडतं. बाळाच्या चोखण्यानं, नुसत्या रडण्यानंही ऑक्सिटोसिन स्रवतं. वेदना आणि काळजी त्याला रोखतात. हे ज्ञान आधी गोठ्यात मिळालं आणि मग भाषेत उतरलं, अशी माझी खात्री आहे.

गोळीचा हात पहिल्याच कामाला लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवरच्या चाचण्यांत दूध वाढलं, पण माफक. शिवाय स्तन वारंवार रिते झाले नाहीत तर गोळी फार काही करू शकत नाही. तिने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४मध्येच स्तनदा मातांना सावध केलं होतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

भाचीनं बाळ उघड्या छातीशी धरलं. ते उजवीकडे चोखू लागलं, आणि थोड्या वेळानं डावीकडचा पदर भिजला. आई म्हणाली, “आला बघ.”