धुळीचा रंग खाकी

दुकानांची शटर खाली आली, की इंदूरच्या सराफ्यात कढया तापतात. गरम तळलेल्या गराडूच्या कंदावर जिरावण मसाला भुरभुरत असताना गर्दीतून हाक येते, "खाकी आली, गाडी घे बाजूला!"

शब्द मातीतला आहे. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ. ‘खाकी’ म्हणजे धुळीच्या रंगाचा. मराठीत त्याच ‘खाक’ची राख झाली: घर जळून खाक होते.

1846 साली ब्रिटिश अधिकारी हॅरी लम्सडेनने पेशावरला ‘गाइड्स’ पलटण उभारली आणि लवकरच तिला मातकट कपडे दिले. 1857 मध्ये गोऱ्या शिपायांनीही पांढरे गणवेश रंगवले. 1899च्या बोअर युद्धापर्यंत ‘खाकी’ इंग्रजीत पुरता रुळला होता.

मातीत मिसळून जाण्याची हीच युक्ती पुढे रणगाड्यांवर चढली. जर्मन सैन्याने फेब्रुवारी 1943 मध्ये गडद करडा सोडून गडद पिवळा रंग घेतला. त्यावर हिरवे नि तांबूस तपकिरी पट्टे रणगाड्यावरचे सैनिक स्वतःच ओढत. त्या पिवळ्याला मराठी माणूस खाकीच म्हणेल, आणि मूळ अर्थाने ते बरोबरच ठरेल.

आज पाकीट खाकी असते, शाळेची चड्डी खाकी असते. नुसते ‘खाकी’ म्हटले, की मात्र पोलीसच समजायचा. लपण्यासाठी घेतलेला रंग सराफ्यातल्या गर्दीत सर्वांत आधी ओळखला जातो.