बत्तीस भोकांची सायकल

दिल्लीत, करोल बागेतल्या नाईवालाच्या एका बोळात, मोटरसायकलींच्या जुन्या सायलेन्सरांच्या ढिगामागे ती भिंतीला टेकून उभी होती. सीटचं चामडं फाटलेलं, साखळी गंजून काठीसारखी ताठ झालेली, पुढच्या चाकात हवा नावाला नाही. हँडलखालच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं ओळखू आलं म्हणून थांबले. रॅले, नॉटिंगहॅम. मागच्या हबवरची माती ओढणीच्या टोकानं पुसली, तर ५४ असा आकडा निघाला. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर बनल्याचं साल ठोकलेलं असतं, म्हणजे हे चाक १९५४ चं. कबाडी ती किलोवर विकणार होता. मी नगावर घेतली, त्यामुळे अर्थातच महाग पडली.

सायकल लेडीज होती, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत आडवी जाणारी नळी नाही. तिच्याऐवजी हंसाच्या मानेसारखी वाकून खाली उतरलेली एक नळी, आणि तिच्या खाली दुसरी. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं ती उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली आणि मागच्या मडगार्डवर बोट ठेवलं. दोन्ही काठांना ओळीनं बारीक भोकं होती, इकडे सोळा, तिकडे सोळा. “ये तो छलनी हो गया, वेल्डिंग करा लो.” पण गंज इतक्या शिस्तीत, सारख्या अंतरावर भोकं पाडत नाही. ती मुद्दाम पाडलेली होती. कशासाठी, ते मला मिस्त्रीला सांगता येईना. सांगायला बसलं की दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

१८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइसनं दोन चाकांचं लाकडी वाहन केलं. त्याला पायडल नव्हतं. दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीला रेटा देत पळायचं. लंडनच्या डेनिस जॉन्सननं त्याची सुधारलेली आवृत्ती काढली आणि १८१९ मध्ये खास बायकांसाठी मधली तुळई खाली वाकवलेला नमुनाही बनवला. आपल्या ‘लेडीज सायकल’ची ही पणजी. म्हणजे पायडलाच्याही आधी नळी खाली आली होती! पुढं ते खूळ ओसरलं. मग उंच चाकाची सायकल आली. तिच्यावर चढायचं म्हणजे कसरतच, झग्यात तर विचारायलाच नको.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं जवळपास सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर सेफ्टी’ काढली. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला. त्याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टनला आणि लगोलग कॉव्हेंट्रीला नळी खाली उतरवलेल्या सेफ्टी सायकली बायकांसाठी विकायला आल्या. पाय उंच टाकायचा प्रश्न मिटला, पण झग्याचा मिटला नव्हता. घोट्यापर्यंत लोंबणारं ते कापड साखळीत जायचं किंवा मागच्या चाकाच्या तारांत गुंतायचं. म्हणून साखळीला पेटीसारखं झाकण आलं, आणि मडगार्डच्या काठांना भोकं पाडून त्यांतून दोरी ओवली गेली. दोरी प्रत्येक भोकातून निघून आसाशी उतरायची आणि चाकावर पंख्यासारखी जाळी विणली जायची. माझ्या मडगार्डची बत्तीस भोकं ती हीच. पुढं हेच मागच्या चाकावर तयार रंगीत जाळी ताणूनही साधलं गेलं. आपल्याकडच्या कितीतरी मुली असल्या जाळीच्या सायकलींवरून शाळेत गेल्या.

नळी काढली त्याची किंमतही मोजावी लागते. जेंट्स सायकलीचा सांगाडा म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन त्रिकोण, आणि त्रिकोण सहसा हलत नाही. वरची बाजू काढून खाली आणली की सीटखालच्या उभ्या नळीला मध्येच कुठंतरी टेकू मिळतो. चढाला जोर लावला की सगळा पीळ त्या सांध्यावर येतो. ते सावरायला नळ्या जाड घ्याव्या लागतात, म्हणून लेडीज सायकल दिसते नाजूक आणि भरते जड. जुनी घेणार असाल तर आधी तो सांधा बघा. रंगावर केसाएवढी आडवी रेघ दिसली तर सायकल तिथंच ठेवून चालू लागा. गंज चालतो, तडा चालत नाही.

मराठी घरात सायकल आली तीही तिकडं सेफ्टी सायकल आली त्याच सुमारास, बेळगावातून. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं सायकलींचं दुकान काढलं. ते स्वतः मुंबईत शिकवायचे. सायकली घेऊन पाठवायचे आणि त्यांचे बंधू रामुअण्णा विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. नांगर आणि पंप नंतरचे, आधी सायकल. मला मात्र राहून राहून एक वाटतं. तेव्हाच्या आपल्या बायका नऊवारी नेसत, कासोटा घालून. म्हणजे दोन पाय वेगळे असलेलं वस्त्र. तिकडच्या झग्यासाठी जी नळी खाली आणावी लागली, तिची लुगड्याला कपड्यापुरती तरी गरज नव्हती. तरी आमच्या आज्या सायकलीवर बसल्या नाहीत, कारण अडचण कपड्याची नव्हती. पुढं गोल सहावारी आली आणि कपड्याचीही झाली.

तिकडं झग्याचा प्रश्न उलट्या बाजूनंही सुटला. १८९४ मध्ये बोस्टनहून जगप्रवासाला निघालेल्या ॲनी लंडनडेरीनं झगा घालून, एकोणीस किलोच्या लेडीज सायकलीवर सुरुवात केली. शिकागोला पोचेपर्यंत कंटाळली आणि तिनं दोन्ही टाकलं. अंगात ब्लूमरची ढगळ विजार आणि खाली निम्म्या वजनाची जेंट्स सायकल घेऊन पुढं निघाली. आपल्याकडं तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरतेच्या मोहिमेत बायकांना सायकल शिकवली, लाखभर बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथांनी तिथलं लिहून ठेवलंय की काही जणींनी मुद्दाम जेंट्स सायकली घेतल्या. कारण साधं होतं, त्या नळीवर पोराला बसवता येतं. हे वाचल्यापासून ‘लेडीज सायकल’ या नावावरचा माझा विश्वास उडाला. ती बाईची सायकल नाही, झग्याची सायकल आहे.

करोल बागेत ती कशी आली असेल? कॅनॉट प्लेससाठी उठवलेल्या गावांची माणसं इथं आणून वसवली, फाळणीनंतर पंजाबातून आलेली कुटुंबं इथं थांबली, सरकारी नोकरीवाले बंगाली, मद्रासी, मराठी इथं भाड्यानं राहिले. सचिवालयात सायकलीनं जाणाऱ्यांचा तो काळ. कुणातरी बाईची ही असणार, एवढंच म्हणते. तेव्हा विलायती सायकल ही चैन होती आणि देशी कारखाने उभे राहत होते. सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये, आसनसोलला सेन-रॅले. ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

दुरुस्तीला निम्मा हिवाळा गेला. क्रँकच्या कॉटर पिना इतक्या धरलेल्या की तीन दिवस रॉकेल पाजावं लागलं. पिनेवर सरळ हातोडा घातला तर आटे चिरडतात, म्हणून वरचा नट टोकाशी ठेवून खालून लोखंडाचा आधार देत ठोकायचं, हे मिस्त्रीनं दाखवलं. कबूल करते, पहिली पिन मी घरीच वाकवली होती. सुटे भाग झंडेवालानच्या सायकल मार्केटमधून आणले. आमच्याकडून मेट्रोचं एकच स्टेशन. २८ इंची टायर, रॉड ब्रेकचे रबर, छर्रे हे सगळं मिळालं, कारण तसल्या काळ्या सायकली अजून बनतात. अडलं ते तळाच्या कपापाशी. रॅलेच्या आट्यांच्या इंचाला २६ फेऱ्या, बाकी जवळपास सगळ्यांच्या २४. दुकानदार ‘चढ जाएगा’ म्हणतो आणि तो चढतोही, फक्त फ्रेमचे आटे खाऊन. जुनेच कप घासून परत बसवले. मग चाकांचे आउट काढले आणि ज्याला आपण ओव्हरऑइलिंग म्हणतो ते झालं. रंगाला हात लावला नाही.

मिस्त्री काम करत होता तेव्हा शेजारी एक पोरगा नवी कोरी मोटरसायकल घेऊन आला. या भागात नव्या गाडीचं पहिलं काम म्हणजे साडी गार्ड काढून टाकणं. मागची चौकट म्हणे शोभत नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे गुंतू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम १२३ म्हणून लिहिलेलं आहे. कॉव्हेंट्रीच्या दोरीचं हे आजचं रूप, आणि करोल बागेत ते रोज डझनांनी कबाडात जातं. मोटरसायकलींच्या असल्याच कबाडामागं माझी सायकल सापडली होती, हे तेव्हा लक्षात आलं.

भोकं वेल्ड केली नाहीत. अजमल खान रोडवरून काळी सुती दोरी आणली आणि एका रविवारी ओवत बसले. वरून खाली, आसाशी आकड्यात अडकवून पुन्हा वर. मी जीन्स घालते, मला या जाळीचा काडीचा उपयोग नाही. दोरी दहा मीटर लागली, बत्तिसाव्या भोकाशी गाठ मारून वीतभर उरली.