बारसे, विजय
नागपूरचे फुटबॉल प्रशिक्षक आणि झोपडपट्टी फुटबॉल चळवळीचे प्रवर्तक. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात ते क्रीडाशिक्षक होते.

२००१ मध्ये भर पावसात त्यांना झोपडपट्टीतली काही मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. बारसेंनी त्यांना खरा चेंडू दिला. पुढच्याच वर्षी त्यांनी झोपडपट्टी संघांची स्पर्धा भरवली आणि तीत तब्बल १२८ संघ उतरले. एरवी महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे काम प्रवेश घेतलेल्या खेळाडूंपुरते असते. बारसेंनी महाविद्यालयाचे फाटकही न पाहिलेल्या मुलांना मैदानावर आणले. त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल इथे आहे.

या कामातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी नागपूरजवळ मैदानासाठी जमीन घेतली. मुलगा अभिजित अमेरिकेतून परतून या कामात सामील झाला. बेघरांच्या विश्वचषकात संस्थेचे खेळाडू भारतातर्फे खेळू लागले. गुन्हेगारीच्या वाटेवरून परतलेला अखिलेश पॉल २०१० च्या रिओ स्पर्धेत भारताचा कर्णधार होता. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट बारसेंच्या कार्यावर बेतलेला असून त्यात अमिताभ बच्चन यांनी प्रशिक्षकाची भूमिका केली आहे.