वेस्ट फाल्मथचे खाजण: चिखलाने जपलेली तेलगळती

१६ सप्टेंबर १९६९. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्ट फाल्मथ या गावाजवळ ‘फ्लोरिडा’ नावाचा तेलवाहू बार्ज खडकांवर आदळला आणि सुमारे ७ लाख लिटर इंधन तेल समुद्रात सांडले.

आकडा मोठा वाटतो. परंतु १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या ‘टोरी कॅन्यन’ या जहाजात १ लाख टनांहून अधिक तेल होते. त्या मानाने ही गळती किरकोळच. इतिहासात तिला स्थान मिळाले ते आकारामुळे नव्हे, शेजारामुळे. वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्था तेथून अवघ्या काही किलोमीटरवर होती.

सांडलेले तेल घरे उबदार ठेवण्यासाठी वापरले जाणारे, डिझेलसारखे पातळ होते. असे तेल लवकर उडून जाते, उरलेले लाटा धुऊन नेतात, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात काही दिवसांतच मासे, शेवंडे आणि तळाच्या चिखलातील कृमी मरून किनाऱ्याला लागले. भरतीबरोबर तेल वाइल्ड हार्बरच्या खाजणात शिरले आणि तेथील गवतही करपले.

वुड्स होलचे रसायनशास्त्रज्ञ मॅक्स ब्लूमर आणि जीवशास्त्रज्ञ हॉवर्ड सँडर्स यांनी चिखलाचे नमुने घ्यायला सुरुवात केली. गॅस क्रोमॅटोग्राफी हे तंत्र तेव्हा तसे नवे होते. त्याद्वारे ब्लूमर यांनी दाखवून दिले की पाण्यावरचा तवंग नाहीसा झाला, तरी तेल गेलेले नसते. ते तळाच्या गाळात उतरलेले असते.

यामागचे कारण खाजणाच्या मातीतच आहे. तेल खाऊन पचवणाऱ्या जिवाणूंना हे काम झपाट्याने करण्यासाठी प्राणवायू लागतो. खाजणाचा चिखल सदैव पाण्याने भिजलेला. वरच्या पातळ थराखाली प्राणवायू जवळजवळ नसतो. शिवाय दर भरतीला वर नवा गाळ बसतो. ज्या गुणामुळे ही जमीन शतकानुशतकांचा सेंद्रिय गाळ जपते, त्याच गुणामुळे तिने विषही जपले. अभिलेखागार कागद निवडून ठेवते; चिखल निवड करीत नाही.

ब्लूमर १९७७ मध्ये निवर्तले. संशोधन मात्र थांबले नाही. २००० साली क्रिस्टोफर रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइल्ड हार्बरच्या जमिनीतून पुन्हा नमुने काढले. सरळ साखळीचे रेणू जिवाणूंनी संपवले होते. पण फांद्या आणि कडी असलेले, पचायला अवघड रेणू वीतभर खोलीच्या आत अजूनही शिल्लक होते. गळतीला तीस वर्षे उलटून गेली होती.

या कथेतील सर्वांत बोलका साक्षीदार मात्र फिडलर खेकडा. कोकणच्या खाड्यांतही त्याचे भाऊबंद ओहोटीच्या चिखलावर एक मोठी नांगी उंचावून फिरताना दिसतात. हा खेकडा सरळ खाली बीळ खणतो आणि त्या वाटेने मातीत हवा जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाइल्ड हार्बरच्या तेलकट भागातील बिळांचे साचे काढून पाहण्यात आले. ती उथळ होती. खाली उतरणारी वाट तेलाच्या थरापाशी थांबलेली किंवा आडवी वळलेली होती. तेथील खेकडे धोक्याची चाहूल लागल्यावर पळण्यातही मंद झाले होते.

तेल आहे म्हणून खेकडा खोल खणत नाही. तो खणत नाही म्हणून खाली हवा पोहोचत नाही. हवा नाही म्हणून तेल तसेच राहते. वरून पाहणाऱ्याला तेव्हाही तेथे हिरवे गवतच दिसत होते.